‘मकरेकर’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलंय: अमेरिकेच्या इतिहासात विसाव्या शतकाच्या आरंभी ‘मकरेकर’ (muckraker) पत्रकार, म्हणजे बड्यांचे गैरव्यवहार उघडे पाडणारे, येतात, त्यांना ‘चिखलफेक करणारे’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. चिखलफेकीला पुरावा लागत नाही. निवडणुकीच्या तोंडावर आपण बघतोच. ही मंडळी कागद घेऊन बसणारी होती. आयडा टार्बेल यांनी ‘मॅक्लुअर्स’ मासिकात १९०२ ते १९०४ या काळात तेलसम्राट रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल या कंपनीवर १९ लेखांची मालिका लिहिली, ती खटल्यांतल्या साक्षी आणि सरकारी चौकश्यांची दफ्तरं धुंडाळून. त्यातलं एकच प्रकरण बघा. १८८५ मध्ये ओहायोतल्या एका छोट्या रेल्वेनं जॉर्ज राइस या रिफायनरीवाल्याला पिंपामागे ३५ सेंट भाडं लावलं, स्टँडर्डला मात्र १० सेंट. वर राइसच्या त्या ३५ मधले २५ सेंट स्टँडर्डच्याच पदरात! म्हणजे राइस स्वतःच्या शत्रूला पोसत होता. अशा लेखनाला चिखलफेक म्हणणं अन्याय आहे. १९११ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्टँडर्डचे तुकडे केले, त्यामागे तापवलेलं लोकमत बऱ्याच अंशी टार्बेलबाईंचं.

आता शब्दाकडे. मक म्हणजे शेण-कचरा, रेक म्हणजे आपलं दाताळं. इंग्रज लेखक जॉन बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या धार्मिक रूपककथेच्या दुसऱ्या भागात (१६८४) एक माणूस आहे: हातात दाताळं, नजर जमिनीवर. डोक्यावर कुणीतरी स्वर्गीय मुकुट धरून उभा आहे, हा मात्र काड्या-कचरा ओढण्यात गुंग. १४ एप्रिल १९०६ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका इमारतीची कोनशिला बसवताना केलेल्या भाषणात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा माणूस पत्रकारांच्या माथी मारला. निमित्त होतं डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांच्या ‘कॉस्मोपॉलिटन’मधल्या लेखमालेचं. सिनेटर कसे बड्या उद्योगांच्या खिशात आहेत हे ती नावानिशी सांगत होती, आणि त्यात रूझवेल्ट यांच्या पक्षाचे धुरीणही होते.

गंमत अशी, की बनियनचा तो माणूस ऐहिक लोभानं आंधळा झालेला आहे. खरं तर तो टार्बेलबाईंपेक्षा रॉकफेलरला जास्त शोभतो. पण राष्ट्राध्यक्षांनी ठेवलेलं नाव, चिकटलंच. त्याच भाषणात रूझवेल्ट असंही म्हणाले होते की समाजाला या दाताळेवाल्यांची अनेकदा गरज असते, फक्त कुठं थांबायचं ते त्यांना कळलं पाहिजे. हे वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि स्वतः रूझवेल्ट तरी काय करत होते? अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीनं शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण उघडी पाडल्यावर त्यांनी आपली माणसं तिथं पाठवली, आणि भाषणाला तीन महिने व्हायच्या आत, ३० जूनला, मांस तपासणीच्या आणि अन्न-औषध शुद्धतेच्या कायद्यांवर सही केली. सिंक्लेअरला मजुरांचे हाल दाखवायचे होते, लोकांना चिंता पडली ताटातल्या सॉसेजची! फिलिप्सच्या मालेचंही चीज झालं: १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनं सिनेटर थेट जनतेच्या मतांनी निवडले जाऊ लागले.

तेव्हा माझं मत असं. पहिल्यांदा शब्द येईल तिथं ‘मकरेकर, म्हणजे उकिरडा उपसणारे’ असं लिही, पुढं नुसतं ‘मकरेकर’. ‘उकिरडे फुंकणारे’ मात्र नको, त्याला रिकामटेकडेपणाचा वास येतो. ‘शोधपत्रकार’ अर्थानं बरोबर आहे, पण त्यात शिवी नाही; रूझवेल्टच्या तोंडी तो घातलास तर भाषणातली हवाच जाईल. उलट लेखिका किंवा लेखक स्वतःच्या शब्दांत या लोकांबद्दल बोलत असेल तिथं ‘शोधपत्रकार’ खुशाल वापर. नेली ब्लाय या पत्रकार बाईंसाठीही तोच. वेड्याचं सोंग घेऊन त्या न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात १० दिवस राहिल्या ते १८८७ मध्ये, तेव्हा पत्रकारांना ‘मकरेकर’ हे नाव पडायला १९ वर्षं अवकाश होता.