रग्बीत आजीच्या जन्मगावावरून देश ठरतो, हे ढोंग नाही का?

तुम्ही म्हणता, जिथे जन्मच झाला नाही त्या देशाची जर्सी घालून राष्ट्रगीत म्हणणं हे शुद्ध ढोंग आहे. मला हे पटत नाही. ढोंग आहे, पण ते खेळाडूंचं नाही.

नियम साधारण असा: खेळाडू स्वतः, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणीतरी एक त्या देशात जन्मलेलं हवं. नाहीतर त्याने तिथे पाच वर्षं काढलेली हवीत. पूर्वी तीन वर्षं पुरायची. पासपोर्ट कुठला, हा प्रश्नच येत नाही.

गोव्यातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. मुक्तीच्या आधी, म्हणजे १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. आमच्या शेजारच्या मुलाने आजोबांचा कडा झिजलेला, पोर्तुगीज हस्ताक्षरातला जन्मदाखला शोधून काढला, आधी वडिलांची नोंद लिस्बनला करून घेतली, मग स्वतःची, आणि कामासाठी लंडन गाठलं. फुटबॉल तो फार सुरेख खेळायचा. पण २००८ पासून आपल्या सरकारचं धोरण आहे, की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळायचं, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. सगळं बालपण म्हापशाच्या मैदानांवर घालवलेल्या मुलाला त्या एका पासपोर्टने देशाच्या संघाचं दार बंद केलं. तेव्हा 'फक्त पासपोर्ट बघा' हा उपाय मला तरी न्याय्य वाटत नाही.

खरं ढोंग पैशाच्या बाजूला आहे. मायकेल जोन्स १९८६ मध्ये सामोआ या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशाकडून खेळला आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडकडून. पुढे नियम कडक झाले आणि एका देशाकडून एक कसोटी (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्याला हेच म्हणतात) खेळली की दुसरीकडे जाता येईना. हे कुणाच्या पथ्यावर पडलं? श्रीमंत संघाने सामोआसारख्याच टोंगा या बेटांच्या देशातल्या एखाद्या पोराला एक-दोन सामने खेळवून सोडून दिलं, तरी तो टोंगाला मिळत नसे. (न्यूझीलंड सगळे खेळाडू 'पळवतं' हा आरोपही सरसकट खरा नाही, त्यांतले कितीतरी ऑकलंडमध्येच जन्मले-वाढले आहेत.) ज्या सामोआच्या घराण्यांतून इतके खेळाडू मिळाले, त्या सामोआच्या भूमीवर ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा संघ, पहिली कसोटी खेळले ते २०१५ मध्ये! २०१७ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडच्या प्रत्येक खेळाडूला सामन्याचे सुमारे २२,००० पौंड मिळाले, समोरच्या सामोअन खेळाडूला सुमारे ६५०. घरी म्हातारे आई-वडील असलेल्या मुलाने अशा वेळी कुठली जर्सी निवडावी, हे बाहेरून सांगणं सोपं आहे.

२०२२ पासून तीन वर्षं आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिलं, तर जन्माच्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या देशाकडे एकदा जाता येतं. मालाकाई फेकिटोआ ऑल ब्लॅक्सकडून खेळला होता, तो २०२३ चा विश्वचषक टोंगाकडून खेळला. टोंगातच जन्मलेला मुलगा! हा बदल उत्तम झाला, फार उशिरा झाला. पण रग्बीपटूची उमेदीची वर्षं मोजकीच असतात, त्यातली तीन घरी बसवण्यात कसला न्याय? एक वर्ष पुरे. आणि पाहुण्या संघालाही तिकिटांच्या पैशांत ठरलेला वाटा द्या. यजमान सगळा गल्ला ठेवून घेतो तोवर पात्रतेचे नियम कितीही बदलले, तरी सामोआ-टोंगाची मुलं दुसऱ्यांच्याच जर्सीत दिसत राहतील.