गुहेतले बिनपंखी रातकिडे जगभर कसे पोचले?

तुमचा प्रश्न रास्त आहे: पंख नाहीत, कोरडी हवा सोसत नाही, तरी हे कीटक अमेरिका, युरोप, जपान, न्यूझीलंड, चिली अशा दूरदूरच्या ठिकाणी कसे?

माझं मत असं, की याचं उत्तर गुहेत शोधूच नये. रॅफिडोफोरिडी या त्यांच्या कुळातल्या कितीतरी जाती आजही ओलसर जंगलात, कुजक्या ओंडक्यांखाली नाहीतर दगडांच्या कपारीत राहतात. पूर्वजही तसेच असावेत. अंधार आणि ओल आधीच अंगवळणी पडलेली, त्यामुळे गुहेत शिरणं जड गेलं नाही. ते वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या काळी घडलं.

लांबचा प्रवास मुख्यतः जमिनीनंच घडवला. यांचं मॅक्रोपॅथिनी हे उपकुळ न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाकडे सापडतं. नकाशावर हे तुकडे जुळवून पाहा, गोंडवन हा दक्षिणेकडचा प्राचीन महाखंड दिसेल! खंड फुटले तसे कीटकही विभागले गेले. पण एवढ्यावर सगळं भागत नाही. न्यूझीलंडच्या पूर्वेची चॅटम बेटं साधारण ३० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आली, आणि तिथेही हे आहेत. म्हणजे कुणीतरी समुद्र ओलांडलाच, बहुधा वाहत्या लाकडावर बसून.

गुहेतलं त्यांचं जगणं पाहायचं तर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह ही गुहा. तिथला हेडिनीकस नावाचा रातकिडा रात्री बाहेर पडून पोट भरतो आणि परत आत येतो. त्याच्या विष्ठेवर आतले कितीतरी जीव जगतात. मादी लांब अंडनलिका वाळूत खुपसून अंडी घालते, आणि एक आंधळा भुंगेरा नेमकी तीच जागा उकरून अंडी खातो. बाहेरचं अन्न आत पोचवणारे हे कीटक नसते, तर गुहेतले ते जीव उपाशीच राहिले असते.

अलीकडचा प्रसार मात्र माणसानं केला. पूर्व आशियातली एक जात रोपांबरोबर युरोप-अमेरिकेच्या काचगृहांत गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या लोकांनी आपल्या घरांतले असे कीटक कळवले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदी आशियाई निघाल्या. तळघर हीदेखील अंधारी, ओलसर जागाच, म्हणून त्यांना ती मानवली. ते विषारी नाहीत, तेव्हा दिसले तर मारू नका.