गाडीच्या आधी कागद

तुला रॅलीत उतरायचंय, तुझं पत्र वाचलं. टायर, सस्पेन्शन, रोलकेज (गाडीतला संरक्षक पिंजरा) सगळं विचारलंस पण लायसन्सबद्दल एक ओळ नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

रस्त्यावरचं ड्रायव्हिंग लायसन्स रॅलीला पुरत नाही, आणि कॉम्पिटिशन लायसन्स, म्हणजे स्पर्धेचं, आलं म्हणून रस्त्यावरचं घरी ठेवून पण चालत नाही, कारण एका स्टेजवरून (बंद रस्त्यावरचा, वेळ मोजून पळवायचा टप्पा) दुसऱ्या स्टेजकडे जाताना तू साध्या ट्रॅफिकमधूनच जाणार, तिथे सिग्नल, स्पीड लिमिट सगळं लागू असतं. कॉम्पिटिशन लायसन्स प्रत्येक देशात एफआयएने, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने, मान्य केलेली संस्था देते. ग्रेड असतात, छोट्या इव्हेंटला खालचा चालतो, तेव्हा उतरणार आहेस त्या इव्हेंटला कुठला लागतो ते बघूनच अर्ज कर. मेडिकल आधी उरकून घे, तिथेच दिवस जातात. आणि हो, को-ड्रायव्हरच्या लायसन्सचं पण आत्ताच बघ, तो शेजारी बसून नुसता रस्त्याच्या नोट्स वाचणार आहे म्हणून सुटत नाही. टीमच्या नावाने एन्ट्री भरायची असेल तर एन्ट्रंटचं, म्हणजे गाडी उतरवणाऱ्याचं, लायसन्स परत वेगळं.

फीचं म्हणशील तर आकडा बघून इव्हेंट निवडू नकोस. प्रत्येक रॅलीचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या रॅलीपुरते नियम, निघतात, पैसे भरायच्या आधी ते पूर्ण वाच, कंटाळा आला तरी वाच. फीमध्ये काय काय येतं, उशिरा भरली तर किती वाढते, नाव मागे घेतलं तर परत किती मिळतं, सगळं तिथे असतं. बऱ्याच रॅलींमध्ये आयोजकांच्या जाहिरातीचे स्टिकर गाडीवर लावायला तयार असशील तर फी कमी असते आणि नको म्हणालास तर बरीच जास्त, त्यामुळे स्वतःचा स्पॉन्सर शोधताना त्याला दाराची कुठली जागा कबूल करतोयस याचा आधी विचार कर. फीमध्ये जो इन्शुरन्स येतो तो सहसा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो, तुझी गाडी आपटली तर खर्च तुझाच.

आता स्टिकर. नवीन मुलं याला सजावट समजतात, ते मला अजिबात पटत नाही. एफआयएच्या नियमात मागच्या बाजूच्या काचांवर नंबर २० सेंटीमीटर उंच आणि फ्लोरोसंट नारिंगी असतो, कारण धुळीतून येणारी गाडी कंट्रोलवरच्या (वेळ नोंदवायच्या ठिकाणच्या) माणसाला लांबूनच ओळखता यायला हवी, तुझ्या क्लबचे नियम वेगळे असतील तर ते पाळ. पण सगळ्यात जीव लावून करायच्या खुणा त्याहून लहान आहेत. गाडीची वीज तोडणाऱ्या बाहेरच्या कट-ऑफ स्विचजवळ पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, त्यात लाल वीज, त्रिकोणाचा पाया निदान १२ सेंटीमीटर. एक्स्टिंग्विशरच्या (आग विझवायच्या यंत्राच्या) बाहेरच्या हँडलजवळ लाल कडेचं पांढरं वर्तुळ, आत लाल ई, व्यास निदान १० सेंटीमीटर. गाडी ओढायचा टो हुक पुढे-मागे, भडक रंगाचा. गाडी उलटून पडलीय, पेट्रोल गळतंय, तू आत लटकलेला, आणि धावत आलेल्या मार्शलने (स्टेजवरच्या सुरक्षेच्या माणसाने) तुझी गाडी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलीय, तेव्हा त्याला स्विच शोधत बसावं लागू नये म्हणून हे सगळं आहे. त्यामुळे त्या त्रिकोणावर, वर्तुळावर स्पॉन्सरचा कोपरासुद्धा चढवू नकोस, आणि गाडीला रंगीत फिल्मचा रॅप केलास तर खुणा रॅपच्या वर आल्यात ना ते बघ.

अपघातानंतर मागून येणाऱ्या गाड्यांना मदत हवी की नको ते दाखवायचा एसओएस-ओके बोर्ड कमीत कमी ए३ मापाचा, एका बाजूला लाल एसओएस, दुसऱ्या बाजूला हिरवं ओके. तो डिकीत टाकू नकोस, बेल्ट सोडल्यावर दोघांच्याही हाताला लागेल असा ठेव. रिफ्लेक्टिव्ह त्रिकोण पण तसाच, गाडी बंद पडली तर निदान ५० मीटर मागे, येणाऱ्या गाड्यांना दिसेल असा. को-ड्रायव्हरला घेऊन हे घरी करून बघा, बेल्ट लावलेला, हेल्मेट घातलेलं.

लायसन्सचा फॉर्म भरलास की मला पाठव, एकदा नजर टाकतो. रेग्युलेशन्समध्ये काही अडलं तर मला विचार, पण सीट, बेल्ट, हेल्मेटवरच्या एफआयए लेबलच्या तारखांचं काही अडलं तर थेट स्क्रुटिनीअरलाच, म्हणजे गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाच, विचार, तेही काही विकत घ्यायच्या आधी.