वाचक विचारतात : जपानी सिनेमा एवढा येडा का असतो?

प्रश्न : कॉलेजच्या फिल्म क्लबात १९५४ चा मूळ गॉडझिला लावला होता. तो राक्षस पडद्यावर आला आणि अर्धी पोरं हसायला लागली, रबराच्या सूटमधला माणूस सरळ सरळ दिसतोय. याला क्लासिक का म्हणायचं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

हसू येणारच, त्यात पाप नाही. सूट जवळजवळ १०० किलोचा होता आणि आतला माणूस, हारुओ नाकाजिमा, लाइट्सच्या उकाड्यात काही पावलं टाकली की गळून जायचा. स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुरायाला खरं तर किंगकाँगसारखं बाहुली एकेक फ्रेम हलवून करायचं होतं पण तेवढा वेळ कुणाकडे होता, म्हणून मग माणसाला सूट घातला, छोटं टोकियो बांधलं आणि कॅमेरा जास्त वेगाने फिरवला, म्हणजे दाखवताना सगळं संथ होतं आणि इमारती जड वाटतात. ती डरकाळी माहितीये कशाची? डबल बेस या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या तारांवर चामड्याचा हातमोजा घासलाय.

पण पुढच्या वेळी पोरांना एक सांगून मग सिनेमा लावा. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, त्यातला एक सप्टेंबरमध्ये गेला. बाजारात ट्यूना घ्यायला लोक घाबरायला लागले. सिनेमा थेटरात आला ३ नोव्हेंबरला. म्हणजे लोकांनी हे सगळं नुकतंच पेपरात वाचलेलं होतं, आणि सिनेमात लोकलमधली एक बाई म्हणते की आधी ते किरणोत्सारी मासे, आता हा गॉडझिला, मी नागासाकीतून वाचले ती काय यासाठी! अमेरिकेत १९५६ ला जी आवृत्ती लागली त्यातून असलं बरंच काही छाटलं आणि मध्ये एक अमेरिकन पत्रकार घुसवला. तेव्हा तुम्ही कुठली कॉपी लावली होती ते आधी बघा.

प्रश्न : दादा, मित्राच्या नादाने 'ब्रँडेड टू किल' बघितला. हिरो भाडोत्री खुनी आणि त्याला शिजत्या भाताचा वास आला की चढते?? गोष्ट कुठून कुठे जाते काही कळलं नाही. हे लोक मुद्दाम करतात का, आणि त्यांना पैसे कोण देतं?
– एक वाचक, नाशिक

आंबेमोहोर शिजायला लागला की आमच्या घरी पण वातावरण बदलतं पण ते वेगळं, जाऊ दे.

पैसे कोण देतं हा प्रश्न भारी आहे कारण सगळी गोम तिथेच आहे. तेव्हा, म्हणजे १९५०-६० च्या दशकांत, तोहो, तोएइ, निक्कात्सु, दाइएइ, शोचिकु या मोठ्या कंपन्यांची स्वतःची थेटरं होती आणि एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत, म्हणजे सतत नवीन माल पाहिजे. दिग्दर्शक पगारी नोकर. स्क्रिप्ट हातात यायची, त्यातला खून, मारामारी, बाई, बंदूक एवढं दिसलं की ऑफिस खूश. तुमच्या सिनेमाचा दिग्दर्शक सेइजुन सुझुकी, त्याने निक्कात्सुमध्ये बारा वर्षांत चाळीसच्या आसपास सिनेमे काढले, बहुतेक जोडीतला दुसरा, खालचा. तीच ती गोष्ट विसाव्यांदा करायची आणि बजेट तुटपुंजं, मग माणूस काय करणार, त्याने रंगांशी खेळायला सुरुवात केली. 'टोकियो ड्रिफ्टर' (१९६६) मधला पिवळाजर्द नाइटक्लब बघा, गाणं म्हणत फिरणारा गुंड बघा. ऑफिसने दम दिला, सरळ सिनेमे कर म्हणून. त्याने पुढच्याच वर्षी तुम्ही बघितलात तो केला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि आधीपेक्षा जास्त वाकडा.

१९६८ मध्ये कंपनीच्या मालकाने त्याला काढून टाकलं, याचे सिनेमे कळत नाहीत आणि चालतही नाहीत म्हणून. सुझुकी कोर्टात गेला, विद्यार्थी त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरले, १९७१ ला तडजोड झाली. पण बाकीच्या कंपन्यांनीही दार लावलं, १९७७ पर्यंत त्याला थेटरसाठी एकही सिनेमा मिळाला नाही. गंमत अशी की ज्या निक्कात्सुला याचे सिनेमे लाज आणत होते ती त्याच १९७१ साली टीव्हीने प्रेक्षक पळवले म्हणून 'रोमान पोर्नो', म्हणजे कामुक सिनेमे, काढायला लागली. आणि सुझुकीचा १९८० चा 'त्सिगॉइनरवायझेन' थेटरवाल्यांनी घेतला नाही तर निर्मात्याने फिरता तंबू उभारून दाखवला, आपल्या जत्रेतल्या टुरिंग टॉकीजसारखा, आणि त्या वर्षीची मोठी बक्षिसं तोच घेऊन गेला!

त्यामुळे मुद्दाम करतात का, तर हो. फक्त मला वाटतं वरच्या, मानाच्या सिनेमात त्याला हे कुणी करू दिलं नसतं. दुसऱ्या नंबरच्या सिनेमाकडे बराच काळ कुणी लक्षच देत नव्हतं. गोष्ट शोधत बसू नका, एकदा नुसतं डोळ्याने बघा, भात खाऊन बसा.

प्रश्न : जपानी हॉररमध्ये प्रत्येक भूत बाईच का, आणि केस तोंडावर का?
– एक वाचक, डोंबिवली

प्रत्येक नाही, पण बरीच. अन्यायाने मेलेली, सूड घेणारी बाई ही तिकडे जुनी गोष्ट आहे, ओइवा नावाच्या अशाच बाईचं काबुकी (पारंपरिक जपानी) नाटक १८२५ चं. नवरा दगा देतो, विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो, केस विंचरताना ते मुठीने हातात येतात. त्यावरचा दिग्दर्शक नाकागावाचा १९५९ चा सिनेमा बघा, रात्री नको. असले सिनेमे तिकडे उन्हाळ्यात लागायचे, कारण ऑगस्टच्या सुमारास ओबोन, पूर्वज घरी यायचे दिवस, शिवाय अंगावर काटा आला की गारही वाटतं म्हणे. 'रिंगु' (१९९८) मधली सादाको टीव्हीतून आली तरी ती त्याच घराण्यातली. तिची ती विचित्र चाल कशी केली, तर नटीला उलटं चालवून शूट केलं आणि रीळ उलटं फिरवलं. खर्च जवळपास शून्य.

प्रश्न : आईबरोबर बघता येईल असा एखादा?
– एक वाचक, लातूर

'वन कट ऑफ द डेड', २०१७. झोम्बी आहेत, रक्त आहे, पण आई हसेल. पहिली ३७ मिनिटं एकाच टेकमध्ये आहेत आणि फार भंगार वाटतात, कॅमेरा हलतो, नट मधेच गप्प उभे राहतात, आई म्हणेल बंद कर रे हे. करू नका. साधारण ३० लाख येनमध्ये केलेला सिनेमा आहे आणि त्याने कमावले ३०० कोटींच्या वर येन. पुढे काय होतं ते मी सांगत नाही, ट्रेलरही बघू नका.