चित्रपटातल्या निर्देशक वाक्-कृती शोधताना फक्त आज्ञार्थी क्रियापदं मोजली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की लघुप्रबंधासाठी एका मराठी चित्रपटाची संवादसंहिता घेतलीत, त्यातली 'कर', 'करा', 'करू नकोस' अशी रूपं शोधून निर्देशक वाक्-कृतींची (वाक्-कृती म्हणजे बोलण्यातून केलेली कृती, speech act) यादी केलीत, आणि आता मार्गदर्शक म्हणतात की ही अपुरी आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. मी चित्रपटांची सबटायटल्स करते, त्यामुळे हा प्रश्न रोज समोर असतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९७०च्या दशकात वाक्-कृतींचे पाच गट केले. त्यातला निर्देशक गट असा: बोलणारा ऐकणाऱ्याकडून काहीतरी करवून घेऊ पाहतो. हुकूम, विनंती, सल्ला, विनवणी हे सगळं त्यात येतं. प्रश्नही येतात, कारण प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला लावणं. व्याख्येत क्रियापदाचं रूप कुठेच नाही, आणि तुमची यादी उभी आहे ती रूपावरच.

'शोले' (१९७५) तुम्ही पाहिला असणारच. वीरू बांधलेला आहे आणि ओरडतो, "बसंती, इन कुत्तों के सामने मत नाचना." सरळ मनाई, तुमच्या यादीत लगेच बसेल. त्याच प्रसंगात गब्बर बसंतीला सांगतो की तुझे पाय चालतील तोवर याचा श्वास चालेल. व्याकरणाने हे नुसतं विधान आहे, आज्ञार्थाचा मागमूस नाही. पण बसंती नाचते ती या विधानामुळे. रूपं मोजलीत तर अख्ख्या प्रसंगातला सगळ्यात कठोर हुकूम तुमच्या हातून निसटेल. वीरूचं वाक्य मात्र ती ऐकत नाही म्हणून निर्देशक ठरत नाही, असं समजू नका. करवून घेण्याचा प्रयत्न झाला की वाक्-कृती झाली. ती पाळली गेली का, हे वेगळ्या रकान्यात लिहा.

उलटही होतं. "ये हाथ मुझे दे दे, ठाकुर" हा पक्का आज्ञार्थ. पण ठाकूर बांधलेला आहे, हात 'देणं' त्याच्या आवाक्यातच नाही. सांगितलेली गोष्ट करणं ऐकणाऱ्याला शक्य असावं, ही निर्देशकाची सर्ल यांनी सांगितलेली एक पूर्वअट. इथे ती तुटते, आणि गब्बरला ते माहीत आहे. तो मागत नाही, काय करणार ते सांगतोय. मी हे वाक्य धमकीत टाकेन. तुमचे मार्गदर्शक कदाचित वाद घालतील, घालू द्या, प्रबंधात तो वाद मांडण्यासारखा आहे.

मराठीत तर रूपांची खूपच चंगळ आहे, आणि खरा अभ्यास तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं. "आत यावं, बसावं" हा विध्यर्थ, पण अदबीचं बोलावणं. "सहाला उठायचं, कळलं?" यात कर्ताच नाही, तरी कुणाला उठायचंय हे घरातल्या पोराला नेमकं कळतं. "चला, औषध घेऊया" म्हणणारी नर्स स्वतः औषध घेणार नसते. आणि स्वयंपाकघरातून आलेलं "दूध वर आलंय" ही तर निव्वळ बातमी, पण ऐकणारा गॅसकडे धावतो. 'सैराट'मधल्या (२०१६) आर्चीचं "इंग्लिशमध्ये सांगू?" आठवा. 'सांगू?' हे रूप परवानगी मागण्याचं. म्हणजे व्याकरण निवड समोरच्याच्या हाती देतं, आणि आर्ची ती अजिबात देत नाही. मराठीत एकदा सांगून झालंय, आता ऐक, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी सबटायटलमध्ये शब्द उतरतात, पण 'सांगू' आणि 'सांगते' यांतलं अंतर उतरवताना माझा जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून संहिता बाजूला ठेवून चित्रपट लावून बसा. प्रत्येक संवादापाशी थांबून बघा: कोण कोणाला म्हणतंय, तू की तुम्ही, नाही म्हणण्याची मुभा खरोखर आहे का, आणि पुढच्या शॉटमध्ये ऐकणारा काय करतो. पडद्यावर उत्तर पुष्कळदा शब्दात नसतंच. सासरे म्हणतात, "ऊन लागतंय," आणि सून काही न बोलता उठून पडदा ओढते. संहितेत तिच्या नावापुढे एकही ओळ नसेल, पण ते वाक्य तिने काय म्हणून ऐकलं याचा पुरावा त्या उठण्यातच आहे.

वेळ कमी असेल तर अख्खा चित्रपट घेऊ नका. एका घरातले पाच-सहा प्रसंग निवडा, जिथे तीच माणसं वेगवेगळ्या नात्याने बोलतात, आई मुलाशी, तोच मुलगा बायकोशी. आधीची यादीही फेकू नका. ती पहिला रकाना म्हणून ठेवा, आणि शेजारी 'रूप आज्ञार्थी, काम वेगळं' आणि 'काम निर्देशक, रूप वेगळं' असे दोन रकाने उघडा.