उत्तर जुळलं, तरी प्रश्न बाकी असतो
एमबीए प्रवेश परीक्षांच्या सरावाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

सहा महिन्यांपासून रोज चाळीस-पन्नास गणितं सोडवतो आहे. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, क्वांटचे (गणिताच्या भागाचे) गुण मात्र जागचे हलत नाहीत. अजून किती सोडवू? – एक वाचक, सक्करदरा

वाढवू नका, कमी करा. रोज वीस पुरेत. उरलेला वेळ त्याच वीस गणितांच्या मागे लावा, कारण गुण अडलेत ते गणित सोडवून झाल्यावर तुम्ही जे करत नाही त्यामुळे. बहुतेक जण उत्तर ताडून बघतात, चुकलं असेल तर उत्तरसूची वाचतात, ‘हो, कळलं’ म्हणतात आणि पुढे जातात. दुसऱ्याची रीत वाचून कळणं आणि कोऱ्या कागदावर स्वतःला सुचणं यांत फार अंतर आहे.

हे गणित बघा. कळमना मार्केटमधला एक व्यापारी खरेदीच्या दरावर २० टक्के चढवून संत्री विकतो आणि किलोच्या जागी ९०० ग्रॅमच मोजून देतो. नफा किती टक्के? घाईत ३० हे उत्तर येतं: २० दराचे, १० मापाचे. किलोचा खरेदी दर १०० रुपये धरा. त्याने दिलेल्या ९०० ग्रॅमची खरेदी ९० रुपयांची, हातात आले १२०. नफा ३० रुपयेच, पण तो ९० रुपयांवर. म्हणजे ३३⅓ टक्के.

आता वहीत काय लिहाल? ‘टक्केवारी कच्ची’ असं लिहून काही हाती लागत नाही, कारण टक्केवारी तुम्हाला येते. ‘नफा काढताना पाया चुकला, जेवढा माल दिला तेवढ्याचीच खरेदी धरायची’ असं लिहा. मग तेच गणित स्वतः बदला. हा व्यापारी माल घेतानाही माप मारतो आणि किलोच्या पैशांत ११०० ग्रॅम उचलतो, तर? १.२ गुणिले १.१ भागिले ०.९, म्हणजे १.४६६…, नफा ४६⅔ टक्के. हा फेरफार जमला तर संकल्पना तुमची झाली.

चुकांच्या वहीत प्रत्येक गणितासमोर चारच गोष्टी असाव्यात: गणित कुठलं, मी काय केलं, नेमकी कोणत्या पायरीला वाट चुकली आणि परत कधी सोडवायचं. पहिली उजळणी तीन-चार दिवसांनी, दुसरी साधारण दोन आठवड्यांनी, दोन्ही वेळा जुनं उत्तर झाकून. बरोबर आलेली पण चार मिनिटं खाणारी आणि तुक्क्याने जमलेली गणितंही याच वहीत हवीत. ती राहून जातात आणि परीक्षेत नेमकी तीच नडतात.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी उतारा समजतो, पण दोन पर्याय उरले की हमखास चुकीचा निवडते. शब्दसंग्रह वाढवू का? – एक वाचक, गोंदिया

उतारा समजतो आणि दोन पर्यायांपर्यंत पोचता, म्हणजे शब्दांची अडचण मोठी नाही. अडचण पर्याय तपासण्यात आहे. एक छोटा उतारा मराठीतच घेऊ, म्हणजे भाषेचा प्रश्नच राहणार नाही.

‘कापसाचा भाव हंगामाच्या शेवटी चढला. पण लहान शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपला कापूस आधीच विकला होता. चढ्या भावाचा फायदा मुख्यतः माल साठवून ठेवू शकणाऱ्यांना झाला.’ यावरून कोणता निष्कर्ष निघतो? पहिला पर्याय: साठवणुकीची सोय असती तर लहान शेतकऱ्यांना फायदा झाला असता. दुसरा: भाववाढीचा फायदा सर्व उत्पादकांना सारखा झाला नाही. तिसरा: भाववाढीमुळे लहान शेतकऱ्यांचं नुकसान झालं. चौथा: सरकारने गोदामं बांधावीत.

चौथा लगेच गळतो. उताऱ्यात सरकार नाही आणि सल्लाही नाही. तिसरा थोडा विचार केला की गळतो, कारण फायदा न मिळणं म्हणजे नुकसान होणं नव्हे. खरी अडवणूक पहिला पर्याय करतो. तो शहाणपणाचा वाटतो, विदर्भातल्या माणसाला तर मनापासून पटतो. पण उतारा म्हणतो की त्यांनी कर्जापायी विकलं. गोदाम असतं तरी सावकाराचा तगादा थांबला असता असं कुठेही म्हटलेलं नाही. उरला दुसरा. तो अगदी साधा, जवळजवळ मिळमिळीत वाटतो. निष्कर्षाच्या प्रश्नात बरोबर उत्तर पुष्कळदा असंच सपक असतं.

सरावात एक नियम पाळा: प्रत्येक नाकारलेल्या पर्यायातला नेमका कोणता शब्द उताऱ्याबाहेर जातो, त्याखाली रेघ मारा. रोज दोनच उतारे घ्या, पण सगळ्या पर्यायांची अशी झडती घ्या. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘मुळेच’ या अर्थाचे शब्द दिसले की थांबा. ते दर वेळी चूक नसतात, पण उताऱ्यात त्यांना आधार सापडलाच पाहिजे. आणि जो पर्याय तुमच्या स्वतःच्या मताशी जुळतो, तो दोनदा तपासा.

जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या डेटा सफिशियन्सी प्रश्नांत गणित येऊनही उत्तर चुकतं. असं का होतं? – एक वाचक, त्रिमूर्ती नगर

इथे उत्तर काढायचंच नसतं. दिलेली माहिती पुरते की नाही एवढंच सांगायचं असतं. हे प्रश्न आता क्वांटमध्ये नसून डेटा इनसाइट्स या भागात येतात: ४५ मिनिटांत २० प्रश्न, वेगवेगळ्या प्रकारांचे. कॅल्क्युलेटर याच भागात मिळतो, क्वांटमध्ये नाही.

उदाहरणार्थ: ‘न’ ही धन पूर्णांक संख्या आहे. तिला २४ ने निःशेष भाग जातो का? विधान एक: तिला ४ ने भाग जातो. विधान दोन: तिला ६ ने भाग जातो. चार सक चोवीस, म्हणून दोन्ही मिळून पुरतात, असं पटकन वाटतं. १२ घेऊन बघा. तिला ४ ने भाग जातो, ६ ने जातो, २४ ने जात नाही. २४ घेतली तर तिन्हींनी जातो. एकदा ‘नाही’, एकदा ‘हो’, म्हणजे दोन्ही मिळूनही माहिती अपुरी. कारण ४ आणि ६ यांच्यात २ हा अवयव सामाईक आहे, त्यामुळे खात्री फक्त १२ ची, त्यांच्या लसाविची. प्रश्न १२ विषयी असता तर दोन्ही मिळून पुरली असती.

दोन सवयी लावून घ्या. पहिली, विधान दोन तपासताना विधान एक हाताने झाकायचं. त्यातली माहिती नकळत सोबत येते, आणि चूक होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरी, ‘पुरतं’ म्हणण्याआधी ते मोडून बघायचं: शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक, दोन्ही संख्या समान, जे प्रश्नात चालेल ते घालून. आणि ठाम ‘नाही’ हेही पुरेसं उत्तर असतं, हे विसरू नका. विधानावरून ‘भाग जात नाही’ हे नक्की ठरत असेल, तर ते विधान पुरतं.

कॅटच्या डीआयएलआरमध्ये (माहितीचं विश्लेषण आणि तर्क यांचा भाग) पहिल्याच सेटवर, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटावर, वीस मिनिटं जातात. – एक वाचक, इतवारी

कॅट म्हणजे आयआयएमच्या प्रवेशासाठीची परीक्षा. २०२४ च्या कॅटमध्ये या भागात ४० मिनिटांत २२ प्रश्न होते, सेटमागे चार किंवा पाच. सुरुवातीची चार-पाच मिनिटं सगळे सेट वाचण्यात घालवा, पेन न उचलता. अटींमधली एखादी तरी गोष्ट पक्की बसते का, ते शोधा. स्पर्धेचा सेट असेल आणि पाच संघ एकमेकांशी एकेकदा खेळत असतील, तर सामने दहा. विजयाला ३, बरोबरीला प्रत्येकी १ असे गुण असतील, तर निकाली सामन्यात ३ गुण वाटले जातात, बरोबरीत २. सगळ्यांची बेरीज ३० वजा बरोबरीचे सामने. बेरीज २६ दिली असेल, तर चार सामने बरोबरीत सुटले हे एका ओळीत निघतं आणि तक्ता भरायला लागतो. असा खुंटा सापडेल तो सेट आधी घ्या. सात-आठ मिनिटांत तक्त्यात काहीच नक्की बसलं नाही, तर सोडा. घरी मात्र सोडलेला सेट घड्याळ न लावता पूर्ण करा, मग तासभर लागला तरी चालेल.

तुक्का मारावा की नाही? – एक वाचक, कामठी

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत नकारात्मक गुण नाहीत, त्यामुळे २०० पैकी एकही प्रश्न कोरा ठेवू नका. १५० मिनिटांत प्रश्नामागे ४५ सेकंदच मिळतात. शेवटची दोन मिनिटं उरलेले पर्याय भरायला राखा. कॅटमध्ये चार पर्यायांच्या प्रश्नाला बरोबर तर ३, चूक तर वजा १. आंधळा तुक्का सरासरीने शून्यावर येतो. एक पर्याय खात्रीने गळाला तर सरासरी ⅓ गुण पदरात पडतो. ज्यांचं उत्तर स्वतः टाइप करायचं असतं त्यांना वजाबाकी नाही, तिथे काहीतरी लिहाच. जीमॅटमध्ये शेवटचे प्रश्न न सोडवता राहिले तर त्याचा दंड बसतो, म्हणून तिथेही पूर्ण करा.

मिहानमध्ये शिफ्टची नोकरी आहे. मॉक किती आणि केव्हा द्यावेत? – एक वाचक, वर्धा रोड

आठवड्याला एक. शेवटच्या दोन महिन्यांत जमलं तर दोन, पण विश्लेषणाला वेळ नसेल तर दुसरा देऊच नका. दोन तासांच्या मॉकला किमान तीन तासांचं विश्लेषण लागतं: आधी उत्तरं न बघता राहून गेलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे, मग ताडून बघायचं. जे घरी आरामात सुटले ते मॉकमध्ये का सुटले नाहीत, हे प्रत्येकासमोर लिहा: वाचलंच नाही, वेळ संपला, की घाबरून सोडलं.

कॅट सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि साडेचार अशा तीन सत्रांत होते आणि सत्र तुमच्या मर्जीने मिळत नाही. तुमची शिफ्ट बदलत असेल तर ते इथे उपयोगी पडेल: तिन्ही वेळांना मॉक देऊन बघा. रात्रपाळीहून आल्या आल्या मात्र देऊ नका. त्या गुणांवरून काहीच कळत नाही, नुसता धीर खचतो. कामाच्या दिवशी तासभर मिळाला तर पहिली चाळीस मिनिटं एका भागाला घड्याळ लावून द्या, उरलेली वीस चुकांच्या वहीला. जीमॅट देणार असाल तर अधिकृत संकेतस्थळावरचे दोन मोफत पूर्ण मॉक सुरुवातीलाच उडवू नका. दुसऱ्यांदा दिल्यावर त्यांतले काही प्रश्न पुन्हा समोर येतात आणि गुण फुगलेले दिसतात. एक तयारीच्या मध्यावर आणि एक परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी, असे राखून ठेवा.