मुंबई ते लंडन ७,२०० किमी, विमानाचा वेग ताशी ९०० किमी. मग आठऐवजी दहा तास का?

तुमचा भागाकार चुकलेला नाही. पण विमान ७,२०० किलोमीटरच उडत नाही, आणि जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेगही सगळीकडे ९०० राहत नाही. तुमचे आई-बाबा पहिल्यांदाच चाललेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

७,२०० हे पृथ्वीगोलावर मोजलेलं सर्वांत कमी अंतर. गोलावर मुंबई आणि लंडनच्या मध्ये दोरा ताणून धरलात, तर तो पाकिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जातो. यातलं युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे ती आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने जातात आणि मग उत्तरेकडे वळतात. ही बंदी परदेशी कंपन्यांना नव्हती. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण आणि इराकचं आकाशही काही दिवस बंद होतं. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका, तुमच्या तारखेच्या तिकिटावरचा वेळ बघा.

दुसरं कारण वारा, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कित्येकदा ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे जाताना साडेनऊ ते साडेदहा तास लागले, तरी येताना नऊच्या आसपास लागतात. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, चालत्या रेल्वेच्या डब्यातल्या हवेसारखी.

शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणंही धरलेलं असतं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दीच्या वेळी उतरण्याआधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

आता घड्याळाचं. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची लंडनची असते. दुपारी १ ला निघून संध्याकाळी ५:३० ला पोहोचणार असं लिहिलं असेल, तर हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा: भारतात रात्रीचे ११, म्हणजे दहा तासांचा प्रवास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचाच असतो, म्हणजे त्याच वेळा असतील तर प्रवास नऊ तासांचा.

थेट विमानच घ्या. आखाती देशात विमान बदलायचं तिकीट स्वस्त मिळतं, पण पहिल्या प्रवासात मोठ्या विमानतळावर गेट शोधत फिरणं वयस्कर माणसांना फार जड जातं. दर दोनेक तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा, औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा, आणि व्हीलचेअर हवी असेल तर ती बुकिंग करतानाच मागा.